प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचं निवासी घर: नियम कुणाच्या सोयीचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी पालकांच्या एका गटाने न्यास नोंदवलाय आणि 22 ते 45 वयाच्या दहा बौद्धिक दिव्यांगांसाठी निवासी घर सुरू करायचं ठरवलंय. माहितीपत्रकासाठी त्यांनी चार मूल्यं लिहून काढली आहेत: सेवा, माया, समर्पण, सुरक्षितता. यात काय भर घालावी आणि ही मूल्यं रोजच्या कामात कशी उतरवावीत, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी यादीबद्दल. सेवा, माया आणि समर्पण ही तिन्ही देणाऱ्याच्या अंगची मूल्यं आहेत. राहणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हे त्यांतून कळत नाही. अतिशय मायाळू माणसांनी चालवलेल्या घरांतही तीस वर्षांच्या बाईला दार उघडं ठेवून आंघोळ घातली जाते, आणि चाळिशीच्या गृहस्थाला भेटीला आलेले लोक गाल ओढून 'बाळ' म्हणतात. इंग्लंडच्या सरकारने 2001 साली या विषयावर श्वेतपत्रिका काढली, तिच्या मुळाशी चार गोष्टी होत्या: हक्क, स्वावलंबन, निवड आणि समाजात सामावून घेतलं जाणं. चारही राहणाऱ्याच्या बाजूच्या. आपला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, तोही त्याच बाजूने बोलतो. माया काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण यादीची सुरुवात तिने करू नका. सुरक्षितता जरूर ठेवा. मात्र निवासी घरांत सगळ्यात जास्त माणसं याच शब्दाच्या नावाने कोंडली जातात, त्याबद्दल पुढे लिहितो.

मूल्यं रोजच्या कामात उतरली की नाही, हे तपासायला एक कागद पुरतो. घरातला प्रत्येक नियम त्यावर लिहा, न बोलता पाळला जाणाराही, आणि समोरच्या रकान्यात लिहा: हा कुणाच्या सोयीसाठी? स्वयंपाकाच्या मावशींच्या, रात्रपाळीच्या, विश्वस्तांच्या, देणगीदारांच्या, की राहणाऱ्याच्या? कर्मचाऱ्यांची सोय बघण्यात गैर काही नाही. दमलेला माणूस दुसऱ्याला नीट सांभाळू शकत नाही. पण रकान्यात राहणारा सोडून दुसरं कुणी आलं, तर त्या नियमाची किंमत राहणारा मोजतोय हे मान्य करा आणि ती कमी कशी करणार तेही लिहा.

आता दिवसाचा क्रम घ्या. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी 1969 साली मांडलेला विचार आजही या कामाचा पाया आहे: माणसाला इतरांसारखाच दिवस, आठवडा आणि वर्ष जगता आलं पाहिजे. ऐकायला साधं वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या कितीतरी घरांत संध्याकाळी सहालाच जेवणं उरकतात, कारण मावशींना सातची एसटी पकडायची असते. आठला दिवे बंद. म्हणजे धडधाकट माणूस अकरा तास अंथरुणात, आणि पहाटे चारला तो उठून येरझाऱ्या घालू लागला की वहीत 'झोपेची तक्रार' अशी नोंद होते. मग झोपेची गोळी. इथे औषधाचा काही संबंधच नाही, जेवणाची वेळ बदलायला हवी. संध्याकाळचा स्वयंपाक करून मावशींना जाऊ द्या, आणि साडेआठला वाढायचं काम संध्याकाळच्या पाळीने रहिवाशांना सोबत घेऊन करावं. ताटं मांडणं, पाणी भरणं, कोशिंबीर कालवणं ही कामं दहातल्या सात-आठ जणांना जमतात.

पाळ्यांची वेळ हा इथला खरा गुंता. बहुतेक संस्था कर्मचारी नेमतात ते दहा ते सहा, शाळेच्या किंवा कचेरीच्या हिशोबाने. पण दहा ते चार रहिवासी कार्यशाळेत असतात. माणसांची खरी गरज सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ असते. दहा जणांच्या घरात या दोन वेळांना किमान तीन माणसं हवीत आणि रात्री एक माणूस जागा हवा. झोपलेला नव्हे, जागा. कुणाला आकडी येत असेल किंवा कुणी रात्री उठून भटकत असेल तर यात तडजोड नाही. सकाळच्या पाळीला एकच माणूस असेल तर दहा जणांना तो रांगेतच आंघोळी घालणार. तिथे तुम्ही भिंतीवर 'प्रतिष्ठा' लिहून काही उपयोग नाही.

निवडीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चांगली माणसंही फसतात. 'आम्ही विचारतो त्यांना, ते हो म्हणतात' हे वाक्य हमखास ऐकू येतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना आयुष्यभर 'हो' म्हटल्याबद्दलच शाबासकी मिळालेली असते, त्यामुळे 'हो' हे उत्तर फारसं काही सांगत नाही. दोन पर्याय दिले तर बरेच जण शेवटचा ऐकलेला शब्द परत बोलतात. तपासून पाहा. 'चहा घेणार की कॉफी?' 'कॉफी.' थोड्या वेळाने उलट विचारा: 'कॉफी घेणार की चहा?' 'चहा.' म्हणजे ही निवड नव्हे, प्रतिध्वनी आहे. अशा वेळी वस्तू समोर ठेवा. चहाचा कप एका हातात, कॉफीचा दुसऱ्या हातात, दोन्ही सारख्या अंतरावर. बोलू नका, दहा सेकंद थांबा. दहा सेकंद म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरेच असतात. कर्मचारी साधारण तिसऱ्या सेकंदाला 'घे ना रे' म्हणून कप पुढे सरकवतो आणि निवड त्याचीच होते. नजर कुठे गेली, हात कुठे वळला ते बघा. दुसऱ्या दिवशी हातांची अदलाबदल करा, कारण काही जण नेहमी उजव्या बाजूचंच उचलतात. चार-पाच वेळा तोच पर्याय आला की व्यक्तीच्या फाइलमध्ये लिहा: कॉफी, कमी साखर, स्टीलच्या पेल्यात.

न बोलणाऱ्या प्रत्येकासाठी एक पान असावं. डावीकडे तो काय करतो, मध्ये आम्हाला त्याचा अर्थ काय वाटतो, उजवीकडे आपण काय करायचं. 'मनगट चावतो, पोटात दुखत असावं, शौचाची वही बघा, गरम पाणी द्या, दोन दिवस झाले असतील तर डॉक्टरांना फोन.' नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याने दहा जणांची दहा पानं वाचावीत. ही पानं जुन्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यातच राहिली तर त्यांच्याबरोबरच निघून जातात, आणि अशा घरांत माणसं सारखी सोडून जातात.

कपडे, टॉवेल, कंगवा, दाढीचं पातं, नेलकटर ज्याचं त्याला. यात काटकसर नको. धुण्याचा एकच ढीग आणि त्यातून हाताला येईल तो शर्ट घालायचा, ही पद्धत अजूनही दिसते. तिच्यातून माणसाचं माणूसपण तर जातंच, शिवाय खरूज आणि नायटा घरभर फिरतो आणि वर्षभर हटत नाही. प्रत्येकाची कपड्यांची वेगळी जाळीची पिशवी करा, ती तशीच मशीनमध्ये टाकता येते. उवांच्या नावाखाली सगळ्या बायकांचे केस भादरायचे नाहीत. उवांवर औषध असतं, दहा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो. आंघोळीला दार बंद, आत एकच मदतनीस, आणि तो त्याच लिंगाचा. गीझरचं पाणी अंगावर घेण्यापूर्वी हाताच्या कोपराने बघायचं. ज्याला भाजल्याचं सांगता येत नाही त्याच्यासाठी हे रोजचं काम आहे.

मासिक पाळीचा विषय टाळून चालणार नाही, कारण महाराष्ट्रात तो एकदा फार वाईट पद्धतीने सोडवला गेला. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं स्वच्छतेचं. राज्यभर वादळ उठलं आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. आजच्या कायद्याच्या कलम 10 नुसार व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. तरीही पालक प्रवेशाच्या वेळी दबक्या आवाजात विचारतात, 'पिशवी काढून आणू का?' उत्तर तयार ठेवा: नाही, आम्ही शिकवू.

शिकवायचं असं. पॅड बदलण्याचे टप्पे लिहून काढा: कप्प्यातून पॅड काढणं, वेष्टन उघडणं, मागची पट्टी सोलणं, निकरवर चिकटवणं, निकर वर घेणं, जुनं पॅड कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, हात धुणं. निकरवर पॅडच्या आकाराची रेघ पक्क्या शाईने किंवा दोऱ्याने आखून ठेवली की कुठे चिकटवायचं हा निम्मा गोंधळ संपतो. मग शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा. पहिल्या महिन्यात सगळं मदतनीस बाईंनी करायचं आणि हात तेवढे तिने धुवायचे. ते जमलं की डब्यात टाकणं आणि हात धुणं तिचं. असं एकेक पाऊल मागे यायचं. शेवटून शिकवण्याचं कारण हे की प्रत्येक वेळी काम तिच्या हातून पूर्ण होतं. पहिल्या टप्प्यापासून सुरू केलं तर चुकत-माकत मध्येच बाईंनी हातातलं काढून घेतलं, एवढंच तिच्या लक्षात राहतं. आणखी एक अडचण म्हणजे पाळी महिन्यातून चार-पाच दिवस, त्यामुळे सराव तुटतो. मधल्या दिवसांतही आठवड्यातून दोनदा कोरं पॅड लावून सराव घ्या. काहींना सहा महिने लागतात, काहींना दोन वर्षं, आणि काहींना कायम मदत लागते. तरी मदत लागणं हे गर्भाशय काढण्याचं कारण होत नाही. पाळीत फार त्रास होत असेल, रक्तस्राव जास्त असेल, तर इतर कुठल्याही बाईला नेतो तसं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायचं.

लैंगिकता आणि नातेसंबंध याबाबत एक निकाल प्रत्येक विश्वस्ताने समजून घ्यावा. चंदीगडच्या सरकारी निवासगृहात राहणारी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. तिला मूल हवं होतं. प्रशासनाला गर्भपात करायचा होता. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असं सांगितलं. याचा घरापुरता अर्थ दोन बाजूंनी घ्यायचा. दोन प्रौढ रहिवासी एकमेकांचा हात धरून बसले तर धावून जाऊन वेगळं करायचं कारण नाही. आणि दुसरीकडे, संमती म्हणजे काय, नको कसं म्हणायचं, अंगाचे कोणते भाग खासगी, कुणाला सांगायचं, हे चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा शिकवायचं. ज्यांना हे कुणी कधी शिकवलंच नाही, ते अत्याचार झाला तरी सांगू शकत नाहीत.

अत्याचाराचा प्रश्न 'आमच्याकडे नाही होणार' म्हणून सोडून देऊ नका. पनवेलजवळ कळंबोलीच्या निवासगृहातले प्रकार 2011 साली उघड झाले तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट दिसली: बाहेरचं कुणी आत डोकावतच नव्हतं. म्हणून व्यवस्था अशी करा की बंद दाराआड एकाच माणसाच्या हातात सगळं राहू नये. संस्थेशी पैशाचा किंवा नात्याचा संबंध नसलेल्या दोन व्यक्ती महिन्यातून एकदा न कळवता याव्यात, त्यांनी रहिवाशांशी कर्मचाऱ्यांशिवाय बसावं आणि थेट विश्वस्तांना लेखी कळवावं. अंगावरच्या प्रत्येक वळाची, ओरखड्याची शरीराच्या आकृतीवर खूण करून नोंद, तारीख आणि सही. तक्रार आली तर आधी 'घरातल्या घरात' चौकशी करायची नाही, पोलिसांना कळवायचं. कायद्याच्या कलम 7 खाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतो, हे कर्मचाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगून ठेवा. सीसीटीव्ही लावायचाच तर वऱ्हांड्यात आणि फाटकावर. शयनगृहात कॅमेरा लावून सुरक्षितता येत नाही. ज्याच्या मोबाइलवर ते चित्र दिसतं त्याच्यावर कोण लक्ष ठेवणार?

आता कुलुपं. तमिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले मनोरुग्ण अडकले, 28 जण गेले. ते घर वेगळ्या आजाराच्या लोकांचं होतं, पण लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालून झोपणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो धडा लागू आहे. रात्री आतून उघडता येणार नाही असं एकही दार नको. कुणी निघून जाईल अशी भीती असेल तर फाटकाला घंटी लावा, त्या एकाच व्यक्तीचा स्वतंत्र धोका-आराखडा करा. एकासाठी नऊ जणांना कोंडू नका. आराखडा एका पानाचा असावा: धोका काय, किती वेळा घडलाय, ती गोष्ट केल्याने त्याला काय मिळतं, धोका कमी कसा करणार, उरलेला धोका कुणी स्वीकारला, पुन्हा कधी बघणार. 'त्याला काय मिळतं' हा रकाना सगळे गाळतात. जो माणूस रोज कोपऱ्यावरच्या टपरीवर एकटा जाऊन पेपर आणतो, त्याला तिथे चार लोक नावाने हाक मारतात. ते गमावणं हेही नुकसान आहे, आणि कागदावर दिसलं नाही तर कुणी मोजत नाही.

काही धोके मात्र मुळीच घ्यायचे नाहीत. घास अडकणं हा त्यांतला पहिला. कोरडा पाव, केळ्याचा मोठा घास, उकडलेलं अंडं, शेंगदाणे, बेसनाचा लाडू, हे पदार्थ भराभर खाणाऱ्यांच्या घशात अडकतात. खाताना ठसका, ओला आवाज, वारंवार छातीत कफ ही लक्षणं दिसली तर वाणी-भाषा तज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. भाकरी आमटीत कुस्करून, ताठ बसवून, छोट्या चमच्याने, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आकडी आली की घड्याळ बघा. कुशीवर वळवा, तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा आणि 108.

वर्तनाच्या समस्येचं म्हणाल तर तिला समस्या म्हणण्याआधी शरीर तपासा. अचानक मारू लागलेला, डोकं आपटणारा माणूस बहुतेकदा काहीतरी सांगत असतो: दाढ, कान, पोट. बद्धकोष्ठ तर इतकं होतं की शौचाची वही न ठेवणाऱ्या घरावर माझा विश्वास बसत नाही. बऱ्याच जणांना मनोविकाराच्या औषधांबरोबर ट्रायहेक्सीफेनिडिल चालू असतं, त्याने आतड्यांची गती मंदावते. आकडीवरच्या फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात. मनोविकारावरच्या रिस्पेरिडोनने वजन वाढतं, बायकांची पाळी चुकते. हे दुष्परिणाम 'स्वभाव' म्हणून खपून जातात. म्हणून क्रम पक्का ठेवा. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाची तीन रकान्यांत नोंद: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. शरीराची तपासणी. मग परिस्थितीत बदल. औषध त्यानंतर, लेखी कारणासह, आणि तीन महिन्यांनी चालू ठेवायचं की नाही याचा फेरविचार. 'गरज वाटल्यास एक गोळी' असं चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना गरज म्हणजे नेमकं काय, ते विचारा. नाहीतर ती गरज रात्रपाळीची ठरते. शिक्षा म्हणून जेवण, चहा, घरचा फोन किंवा दिवाळीची सुट्टी काढून घ्यायची नाही. या गोष्टी बक्षीस नव्हेत, त्याच्या हक्काच्या आहेत.

देणगीदारांबद्दल कुणी लिहीत नाही, पण महाराष्ट्रातल्या घरांचं वर्ष त्यांच्याभोवती फिरतं. वाढदिवस, पुण्यतिथी आणि पितृपक्ष. पंधरवडाभर रोज खीर, जिलबी, पुरी-भाजी. ज्यांचं वजन आधीच जास्त आणि थायरॉइड कमी, त्यांच्या साखरेची वाट लागते. वर रांगेत उभं राहून प्रार्थना म्हणायची, केक कापताना टाळ्या वाजवायच्या आणि फोटो काढून घ्यायचे. तुमच्या घरात रोज अनोळखी पंधरा माणसं जेवताना फोटो काढायला आली तर चालेल का, एवढंच विश्वस्तांनी एकमेकांना विचारावं. देणगी नाकारायची गरज नाही. भेट महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, कार्यशाळेत. शयनगृह आणि जेवणघर बंद. फोटो फक्त ज्यांनी समजून होकार दिला त्यांचे, आणि घरी जाताना समाजमाध्यमावर नाव-निदान लिहायचं नाही. अन्नदान करणाऱ्याला डाळ-तांदूळ, डायपर किंवा दातांच्या डॉक्टरांचं बिल सुचवा. काही जण नाराज होऊन जातील. जाऊ द्या.

समाजात मिसळणं म्हणजे बस भाडं ठरवून, एका रंगाचे टीशर्ट घालून वीस जणांना बागेत नेणं नव्हे. दोघे-तिघे, आठवडे बाजारात, स्वतःची पिशवी आणि स्वतःचे पन्नास रुपये घेऊन. कार्यशाळेत आकाशकंदील आणि राख्या बनवत असाल तर विक्रीतला वाटा ज्याच्या त्याच्या हातात द्या, खात्यात नुसता जमा करू नका. मतदार यादीत नावं नोंदवा. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं नसेल तर मतदानाचा हक्क शाबूत असतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी (2024 चे पद्मश्री) आपल्याकडच्या बेवारस दिव्यांग मुलामुलींना वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि अठराव्या वर्षी त्यांना आश्रमाबाहेर काढू नये म्हणून कायद्याची मागणी लावून धरली. कागदावर नाव असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते त्यावरून कळतं. ओळखपत्र, दिव्यांग प्रमाणपत्र आणि पासबुक यांच्या मूळ प्रती संस्थेच्या कपाटात असतील तर निदान कपाटाची किल्ली कुणाकडे आणि कागद बाहेर कधी गेला, याची वही हवी.

कायद्याचं थोडक्यात. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय संस्था चालवता येत नाही, 2016 च्या कायद्याचं कलम 50. पालकत्व राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असतो. माझं मत: जी संस्था फी घेते तिनेच कायदेशीर पालक होऊ नये, दोन्ही हात एकाच्या खिशात जातात. आणि पालकत्व मिळालं म्हणजे सगळेच निर्णय पालकाचे, असं नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 14 मर्यादित पालकत्व आणि व्यक्तीबरोबर मिळून घेतलेले निर्णय याबद्दल बोलतं. बँकेच्या कामासाठी पालक लागेल, पण शर्ट कोणता घालायचा यासाठी नाही.

शेवटी वयाचा मुद्दा, कारण तुमचे रहिवासी 45 पर्यंतचे आहेत आणि तुमचा प्रवेशाचा करार बहुधा आजच्याच तब्येतीचा विचार करून लिहिलेला असेल. डाउन सिंड्रोम असलेल्यांना विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा बराच लवकर गाठतो, पन्नाशीत तर बऱ्याच जणांत दिसतो. म्हणून पस्तिशीच्या सुमारास त्यांना काय काय येतं याची नोंद आणि चित्रफीत करून ठेवा: जिना, बटणं, रस्ता, नावं. पुढे ढासळू लागलं तर तुलनेला हाताशी काहीतरी असेल. ढासळणं दिसलं की आधी थायरॉइड, मोतीबिंदू आणि कानातला मळ तपासा, कारण हे तिन्ही बरे होण्यासारखे आहेत.

त्याच काळात आईवडील जातात. 'आई गावाला गेली' असं सांगून महिनोन् महिने झुलवत ठेवू नका. 'आई वारली, आता परत येणार नाही' असं साध्या शब्दांत, ओळखीच्या माणसाने, त्याच दिवशी सांगा आणि त्याला अंत्यविधीला, दहाव्याला न्या. दुःख दोन-चार महिन्यांनी रागाच्या, कपडे फाडण्याच्या रूपाने बाहेर येऊ शकतं. तेव्हा डोस वाढवण्याआधी तारखा जुळवून बघा. कोण सांगणार, कोण घेऊन जाणार आणि दर रविवारी येणारा आईचा फोन यापुढे कोण करणार, हे फाइलमध्ये आत्ताच लिहून ठेवा.

आणि कराराची एक ओळ शोधा. बऱ्याच संस्थांच्या करारात ती असते: 'अंथरुणाला खिळल्यास पालकांनी घेऊन जावे.' तेव्हा पालक ऐंशीचे असतील किंवा नसतीलच. ती ओळ काढायची असेल तर आजच बांधकामात तळमजल्याची एक खोली रुंद दाराची करा, चाकाची खुर्ची आत वळेल असं संडास-न्हाणीघर तिला जोडा आणि फीमधला ठरावीक हिस्सा त्या दिवसांसाठी वेगळ्या खात्यात टाका. ओळ ठेवायचीच असेल तर प्रवेश देताना पालकांना ती मोठ्याने वाचून दाखवा.